कीर्तन, लग्न, वारी, शेत: कोणत्या चित्रीकरणाला कोणता व्हिडिओ कॅमेरा?

‘एवढं बजेट आहे, व्हिडिओसाठी कोणता कॅमेरा घेऊ?’ असं दुकानात विचारलं की मॉडेलचं नाव लगेच मिळतं. तुम्ही नेमकं काय चित्रित करणार आहात, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. सप्ताहातलं दोन तासांचं कीर्तन, मंगल कार्यालयातलं लग्न, आषाढातली पायी वारी, बांधावर उभं राहून दिलेली पिकाची माहिती, घरात बसून घेतलेली आजीची मुलाखत, या सगळ्यांना आपण व्हिडिओच म्हणतो. पण यातल्या एका कामाला उत्तम असलेला कॅमेरा दुसऱ्या कामात ऐन वेळी दगा देऊ शकतो, आणि तोही चांगला महागडा असूनसुद्धा.

म्हणून दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा. कॅमेरा विषयापासून किती लांब असेल? न थांबता किती वेळ चालावा लागेल? उजेड कुठला असेल? आवाज कुठून घेणार? मेगापिक्सेल, ४के, ८के यांचा विचार त्यानंतर. या चारांपैकी अंतराकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि पैसे सर्वांत जास्त वाया जातात तेही तिथेच. त्यामुळे सुरुवात अंतरापासून.

अंतराचा हिशेब

कॅमेऱ्याच्या आत ज्या चिपवर चित्र उमटतं तो सेन्सर. फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ × २४ मिलिमीटर असतो. एपीएस-सी प्रकारात साधारण २३.५ × १५.६. कॅमकॉर्डरमध्ये, म्हणजे लेन्स अंगातच बसवलेल्या खास व्हिडिओच्या कॅमेऱ्यात, ‘एक इंची’ म्हणून जो सेन्सर विकला जातो तो मोजायला गेलं तर १३.२ × ८.८ मिलिमीटरच भरतो. त्याहून लहान कॅमकॉर्डरमध्ये सेन्सरची रुंदी ६ मिलिमीटरच्या आसपास असते. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम सेन्सर एक इंचीच्या सातपटीहून मोठा आहे. लेन्सचं तोंड किती उघडं आहे हे सांगणारा एफ आकडा (आकडा लहान तितकं तोंड मोठं) सारखाच असेल तर मोठा सेन्सर तेवढा जास्त प्रकाश गोळा करतो आणि अंधारात चित्रावर दाणे कमी येतात. म्हणूनच जो तो ‘फुल फ्रेमच घ्या’ म्हणतो. हे खरं आहे, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं एका साध्या गणितात आहे. समजा कीर्तनकार मंडपाच्या एका टोकाला उभे आहेत आणि श्रोत्यांच्या मागे, २० मीटरवर, तुम्हाला स्टँड लावायला जागा मिळाली आहे. बुवा कमरेपासून वर दिसावेत असं हवं असेल तर चौकटीची रुंदी सुमारे २ मीटर लागते. त्यासाठी लेन्स किती मिलिमीटरची हवी? सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले चौकटीची रुंदी. फुल फ्रेमला ३६ × २० ÷ २, म्हणजे ३६० मिलिमीटर. एपीएस-सीला २३५. एक इंची सेन्सरला १३२. आणि ६ मिलिमीटर रुंदीच्या लहान सेन्सरला फक्त ६०.

बुवा तेच, अंतर तेच. पण फुल फ्रेमवाल्याला ३६० मिलिमीटरची लेन्स शोधावी लागते. कमी उजेडात चालेल अशी, म्हणजे एफ २.८ ची, ४०० मिलिमीटरची लेन्स सुमारे ३ किलोची असते आणि तिची किंमत कित्येक लाखांत जाते. एपीएस-सी कॅमेऱ्यासोबत परवडणारी ५५-२१० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली तर ती २३५ पर्यंत पोचतच नाही. शिवाय टोकाला तिचं तोंड एफ ६.३ इतकं बारीक होतं. एक इंची कॅमकॉर्डरची लेन्स पूर्ण झूमलाही साधारण एफ ४.५ वर राहते. मोठ्या सेन्सरने मिळवलेल्या प्रकाशातला जवळजवळ निम्मा भाग अशा लेन्सपायी हातचा जातो.

शिवाय कीर्तनात फक्त बुवांचा चेहरा टिपून भागत नाही. गजर सुरू झाला की मागचे टाळकरी, पखवाजवादक आणि समोरचे श्रोते असा सगळा मंडप दिसायला हवा. कॅमकॉर्डरमध्ये १२ ते २० पट झूम एकाच लेन्समध्ये असतो: सोनीच्या झेड ९० मध्ये १२ पट, पॅनासॉनिकच्या सीएक्स ३५० मध्ये २० पट, आणि दोन्हींचे सेन्सर एक इंची. २४-७० मिलिमीटरच्या लोकप्रिय फोटो लेन्सचा झूम तीन पटही भरत नाही. फोटोच्या बहुतेक लेन्समध्ये झूम करताना फोकस हलतो, कारण फोटोग्राफर आधी झूम करतो आणि मग फोकस करून बटण दाबतो, मधला प्रवास कोणी बघणार नसतो. व्हिडिओत तो प्रवासच प्रेक्षकाला दिसतो. कॅमकॉर्डरची लेन्स झूमभर फोकस धरून ठेवेल अशीच बनवलेली असते, आणि अंगठ्याखालच्या बटणाने झूम हवा तितका सावकाश करता येतो.

म्हणून कीर्तन, नाटक, दशावतार, शाळेचं स्नेहसंमेलन, व्याख्यानमाला या कामांसाठी माझं मत पक्कं आहे: एक इंची सेन्सरचा कॅमकॉर्डर घ्या. ‘आता हे जुनं झालं’ असं म्हणणारे भेटतील. पण लांबून, सलग आणि एकट्याने करायच्या कामात त्याच किमतीतला मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला फोटोचा कॅमेरा, याच्यापुढे टिकत नाही.

रंगमंचासाठी कॅमेरा घेताना आणखी एक गोष्ट बघा: प्रकाश कमी-जास्त करण्याची रिंग किंवा चाक अंगावरच आहे का? मागे काळा पडदा आणि नटावर झोत असला की ऑटो पद्धत पडदा उजळवायला जाते आणि नटाचा चेहरा पांढराफटक होतो. तिथे प्रकाश हाताने सांभाळावा लागतो, आणि अंधारात मेनू उघडून शोधत बसायला वेळ नसतो.

अर्ध्या तासाची मर्यादा आणि उष्णता

फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ आला तो २००८ साली. आधी निकॉनचा डी ९० आला आणि पाठोपाठ फुल एचडी देणारा कॅननचा फाइव्ह डी मार्क टू. फुल फ्रेममुळे येणारी धूसर पार्श्वभूमी परवडणाऱ्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा मिळाली आणि लग्नाच्या व्हिडिओचं रूपच बदललं. पण असे पुष्कळ कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबायचे. यात तांत्रिक अडचणीइतकाच कराचाही भाग होता. युरोपीय संघात अर्धा तास किंवा त्याहून जास्त सलग चित्रीकरण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर जास्त आयात शुल्क लागे. कंपन्यांनी एक सेकंद अलीकडे थांबून ते टाळलं. आता बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा नसते, पण जुना कॅमेरा घेत असाल तर हे आधी विचारा.

नव्या कॅमेऱ्यांची अडचण उष्णतेची आहे. मोठा सेन्सर, ४के किंवा ८के चित्र आणि लहान, सगळीकडून बंद शरीर. आतली उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. २०२० साली कॅननचा आर फाइव्ह आला तेव्हा ८के चित्रीकरण सुमारे २० मिनिटंच चालेल असं कंपनीनेच सांगितलं होतं, आणि तो आकडा २३ अंश तापमानाचा होता. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण २३ अंशांचा मुद्दा आपल्यासाठी फार मोलाचा आहे. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा पत्र्याच्या मांडवात लागू होत नाही. सलग काम असेल तर आत पंखा असलेला कॅमेरा बघा. पॅनासॉनिकचा एस वन एच, सोनीचा एफएक्स थ्री, कॅननचा आर फाइव्ह सी अशा कॅमेऱ्यांत तो असतो. नाहीतर कॅमकॉर्डर आहेच.

लांब कामाला कार्डाचाही हिशेब लागतो. कॅमेरा १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने नोंद करत असेल तर तासाला ४५ जीबी भरतात, ५० मेगाबिटला साडेबावीस. तीन तासांच्या नाटकाला पहिल्या वेगाने १३५ जीबी लागतील. दोन कार्डांची सोय असेल तर एक भरल्यावर चित्रीकरण न तुटता दुसऱ्यावर जातं, किंवा दोन्हींवर एकाच वेळी नोंद करता येते. ज्याचं दुसऱ्यांदा चित्रीकरण होणारच नाही अशा कामाला दोन कार्डांची जागा नसलेला कॅमेरा मी सुचवणार नाही, मग त्याचं चित्र कितीही सुंदर असो. कार्ड घेताना त्यावर ‘व्ही ३०’ लिहिलेलं बघा. म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी, आणि १०० मेगाबिटला साडेबाराच लागतात.

ट्यूबलाइट आणि दुपारचं ऊन

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्याने तिकडचे लोक सेकंदाला ३० चित्रं आणि १/६० शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग उजेड, असं सांगतात. परदेशी व्हिडिओ बघून तीच मांडणी इथे केली की ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडे कॅमेरा ‘पाल’ या ५० हर्ट्झला जुळणाऱ्या व्हिडिओ पद्धतीवर ठेवा, सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० घ्या. परदेशातून आणलेला कॅमेरा पालवर नेता येतो का, हे विकत घेण्याआधी पाहा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येही पालचा पर्याय चालू करता येतो.

उन्हात अडचण उलटी होते. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० ठेवलं तर लेन्सचं तोंड जवळजवळ एफ २२ पर्यंत मिटावं लागतं. तितकं बारीक केलं की चित्राचा धारदारपणा जातो आणि पार्श्वभूमी धूसर होण्याची आशाही संपते. एफ २.८ वर यायचं तर प्रकाश सहा टप्प्यांनी कमी करायला हवा, म्हणजे एकचौसष्टांश. हे काम एनडी काचेचं. चांगल्या कॅमकॉर्डरमध्ये १/४, १/१६ आणि १/६४ अशा काचा आतच असतात आणि एका चाकाने बदलतात. बहुतेक मिररलेसमध्ये त्या नसतात, लेन्सवर वेगळी काच फिरवून बसवावी लागते. मांडवातून उन्हात आणि उन्हातून पुन्हा मांडवात वरातीमागे धावणाऱ्याला आतल्या काचांची किंमत बरोबर कळते.

लग्नाला दोन स्वभावांचे कॅमेरे

लग्नाच्या धंद्यात ट्रॅडिशनल आणि सिनेमॅटिक अशी दोन कामं वेगळी मानली जातात, आणि ती विभागणी अगदी योग्य आहे. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळे विधी, सगळे नातेवाईक, सलग आवाजासह, हे ट्रॅडिशनलचं काम. त्याला झूम, लांब चालणारी बॅटरी आणि फोकसची भरपूर खोली लागते. सिनेमॅटिकवाल्याला मेंदी, मुंडावळ्या, आईचे डोळे असे निवडक क्षण जवळून हवे असतात. तिथे मिररलेस आणि एफ १.८ ची लेन्स यांना तोड नाही.

फोकसची खोली म्हणजे काय, हे अंतरपाटाच्या वेळी सर्वांत चांगलं समजतं. फुल फ्रेमवर ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ ला उघडून २ मीटरवरच्या नवरीवर फोकस केला, तर धारदार भाग जेमतेम ६ सेंटिमीटर खोल असतो. डोळे स्पष्ट, कान धूसर. फोटोसारखं देखणं दिसतं ते यामुळेच. पण ‘सावधान’ झालं, अंतरपाट दूर झाला, हार घालणारे हात मध्ये आले की ऑटोफोकस हातांवर उडी मारू शकतो, आणि तो क्षण परत येत नाही. तेवढ्या वेळापुरतं तोंड एफ ५.६ केलं तर खोली १८ सेंटिमीटरवर जाते. बाजूला स्टँडवर कॅमकॉर्डर चालू असेल तर जिवाला स्वस्थता. बजेट एकाच कॅमेऱ्याचं असेल आणि लग्नं एकट्यानेच घ्यायची असतील, तर मी आधी ट्रॅडिशनल काम नीट होईल असाच कॅमेरा घेईन. वीस वर्षांनी घरचे लोक आजोबा शोधण्यासाठी व्हिडिओ लावतात, आणि ते लांबच्या खुर्चीत बसलेले असतात.

स्लो मोशनबद्दल एवढंच: सेकंदाला ५० चित्रं घेऊन २५ ने दाखवली की वेग निम्मा, १०० घेतली की पाव. उडणाऱ्या अक्षता १०० वर सुरेख दिसतात. मात्र हॉलमधले दिवे साधे असतील तर शटर १/१०० च्या पुढे नेऊ नका, लुकलुक येईल.

दहा बिट आणि आठ बिट हा प्रश्नही इथेच येतो. आठ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, दहा बिटमध्ये १०२४. मिक्सिंगला, म्हणजे संकलनाला, देताना रंग फारसे बदलणार नसाल तर आठ बिट पुरतात. ‘लॉग’ पद्धतीने फिकं चित्र घेऊन नंतर रंग चढवायचे असतील तर दहा बिटच हवेत, नाहीतर संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडतात.

आवाज

माईकचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि आजूबाजूचा गोंगाट आहे तसाच राहतो. त्यामुळे २० मीटरवरच्या कॅमेऱ्याचा माईक कितीही महाग असला तरी बुवांचा शब्द स्वच्छ पकडू शकत नाही. उपाय म्हणजे साउंडवाल्यांच्या मिक्सरमधून तार घेणं. त्यासाठी कॅमेऱ्याला एक्सएलआर जोडणी (व्यावसायिक माईकची तीन पिनांची जोडणी) आणि लाइन-माईक असं बटण हवं. मिक्सरमधून येणारा सिग्नल माईकपेक्षा खूप जोरकस असतो. बटण चुकलं तर आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

कीर्तनात आणखी एक बारकावा आहे. मिक्सरमध्ये बुवांचा आवाज भरपूर असतो, पण टाळ मुळातच कडक वाजतात म्हणून त्यांना फारसा माईक दिलेला नसतो. फक्त मिक्सरची तार घेतली तर गजर पोकळ वाटतो. एका चॅनेलवर मिक्सर, दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा माईक, अशी दोन चॅनेल वेगळी नोंदवणारा कॅमेरा घ्या म्हणजे नंतर दोन्ही हवं तसं मिसळता येईल.

मुलाखतीला मात्र सगळं सोपं होतं. अंतर २ मीटर, स्टँड स्थिर, खिडकीचा उजेड बाजूने. इथे एपीएस-सी मिररलेस, सोबतची साधी लेन्स आणि कॉलर माईक एवढं पुरेसं आहे. छताचा पंखा बंद करा. शहरांच्या बाहेर जुन्या माणसांच्या आठवणी, ओव्या, औषधींची माहिती नोंदवणारे जे कोणी आहेत त्यांनी कॅमेऱ्यापेक्षा माईकवर जास्त खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. थोडं धूसर चित्र पुढच्या पिढीला चालेल, न कळणारे शब्द चालणार नाहीत.

चालता चालता, आणि बांधावर

वारीत कॅमेरा खांद्याला, पाऊस डोक्यावर आणि चार्जिंगची सोय मुक्कामाला मिळाली तर मिळाली. इथे गोप्रोसारखा अ‍ॅक्शन कॅमेरा किंवा डीजेआयच्या ऑस्मो पॉकेट थ्रीसारखा, आतच गिम्बल (हादरे शोषून कॅमेरा स्थिर ठेवणारी यंत्रणा) असलेला कॅमेरा कामाला येतो. गोप्रोची अलीकडची बरीच मॉडेलं वेगळ्या कव्हरशिवाय १० मीटर पाण्यात चालतात. पॉकेट थ्रीमध्ये सेन्सर एक इंची आहे त्यामुळे दिवेलागणीनंतरही चित्र तग धरतं, पण पावसात त्याला झाकावं लागतं. दोन्हींना लांबचं काही जमत नाही. रिंगण दुरून घ्यायचं असेल तर वेगळा कॅमेरा लागेल. पॉवर बँक लावून चित्रीकरण चालू राहतं का, हे आधी तपासा.

शेतीच्या चॅनेलसाठी बहुतेकांच्या खिशातला फोन पुरेसा आहे. विषय हाताच्या अंतरावर, उजेड मुबलक, तुकडे लहान. पानामागची कीड दाखवायला फोनचं मॅक्रो उलट सोयीचं. पैसे घालायचे तर वायरलेस कॉलर माईक आणि त्यावरच्या केसाळ टोपीत घाला, कारण माळरानावरचा वारा हा तिथला खरा शत्रू आहे. फोन भर उन्हात स्टँडवर तापला की स्क्रीन मंद होते आणि कधी चित्रीकरणही थांबतं, तेव्हा सावली धरा.

जुना कॅमकॉर्डर घेणं हा चांगला मार्ग आहे, कारण लग्नाच्या धंद्यातले लोक मिररलेसकडे वळल्याने चांगली यंत्रं बाजारात येतात. सोनीच्या व्यावसायिक कॅमकॉर्डरच्या मेनूमध्ये तो किती तास चालला हे दाखवणारा मीटर असतो. तो उघडून बघा. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे धागे दिसतात का पाहा, विशेषतः यंत्र कोकणातलं असेल तर. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेऊन फोकस सुटतो का ते तपासा. एक्सएलआरच्या दोन्ही जोडण्यांत माईक लावून आवाज ऐका. मग पंखा नसलेल्या जागी तासभर सलग चालवा आणि ती नोंद तिथेच मोठ्या टीव्हीवर बघा. विकणाऱ्याला एवढा वेळ द्यायचा नसेल तर दुसरं दुकान गाठा.